टोपलीची लढाई

युद्धात माणूस देशासाठी मरतो, राजासाठी मरतो, अगदीच काही नाही तर अब्रूसाठी मरतो, असं इतिहास गंभीरपणे सांगत आला आहे. केंगशेठच्या फिरत्या सिनेमात मात्र सैनिक मरायचा तो पयोमने टेबलाखालून लाथ मारली म्हणजे.

त्या लाथेपर्यंत पोचायला आधी उबोनच्या बस स्टँडवर जावं लागेल. प्रेमाची सुरुवात अपघाताने व्हावी असा संकेत आहे, आणि अपघाताला उबोनच्या स्टँडइतकी सोयीची जागा नाही.

भातकापणी नुकतीच उरकली होती. थंडीची सकाळ. पयोम स्टँडच्या भिंतीलगत एका नूडल्सच्या गाडीपुढे स्टुलावर बसली होती. मांडीवर पत्र्याचा मोठा तुकडा, तो वीज कडाडायला. पायाशी पिशवीत नारळाच्या करवंट्या, त्या घोडे दौडवायला. आदल्या संध्याकाळी एका गावात तिने एक बाळंतपण, दोन विषप्रयोग आणि एक महापूर एवढं सगळं स्वतःच्या घशातून काढलं होतं. आता तिला कुणाशीही बोलायचं नव्हतं. समोर वाफाळता वाडगा होता. तिने पहिला घास घेतला, आणि डोक्यावरचा कर्णा बोलला,

"देत उदोम गावची बस... सुटते आहे. ज्यांना जायचंय, त्यांनी जावं... ज्यांना राहायचंय, त्यांनी निदान हात हलवावा..."

आवाज खालच्या पट्टीतला, किंचित ओलसर. स्वतःची आईच त्या बसने चालल्यासारखा. नुसत्या काकड्या विकायला आलेल्या एका म्हातारीनेही डोळे पुसले. पयोमला जायचं होतं ते देत उदोमलाच. तिने वाडगा टाकला, पत्रा काखेत मारला, आणि करवंट्यांच्या टपटपाटात ती फलाटाकडे धावली.

फलाटावर बस नव्हती. एक कुत्रा झोपला होता, आणि त्याच्याकडे बघून तिथे बराच वेळ कुणी आलं-गेलं नसावं असं वाटत होतं.

ती परत आली तोवर नूडल्सवालीने वाडगा विसळायला घेतला होता.

पयोम तडक घोषणेच्या खिडकीशी गेली. "बस कुठे आहे?"

"येईल ना," आतून तोच आवाज आला.

"तुम्ही सुटली म्हणालात!"

"आली की सुटणारच आहे. मी जरा आधी सांगतो... लोकांना तयारी करता येते."

"माझे नूडल्स गेले."

खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. चाळिशीला टेकलेला माणूस, शर्टाला सगळी बटणं होती, पण त्यातली दोन दुसऱ्या कुठल्या तरी शर्टाची. "सगळे गेले?"

"एक घास खाल्ला होता."

"म्हणजे तुम्ही जेवलाच नाहीत," तो इतक्या काळजीने म्हणाला की पयोमचा चेहरा एकदम कडक झाला.

"हं. ओळखलंत तर मला. म्हणा, म्हणून टाका एकदाचं."

"काय म्हणू?"

"उगाच सोंग नको. अख्खा बाजार म्हणतो."

"बाई, मी सकाळपासून रात्रीपर्यंत या खोक्यात असतो. बाजार काय म्हणतो ते मला... कुणीच येऊन सांगत नाही."

तो खरं बोलत होता. बुनलुआ त्याचं नाव. मून नदीच्या काठाने विचारत गेलं असतं, तर 'टोपली' न पाहिलेला तो बहुधा एकटाच माणूस निघाला असता.

सिनेमाचं खरं नाव लांबलचक आणि देशभक्तीचं होतं, ते फक्त डब्यावर लिहिलेलं असे. लोक म्हणत 'टोपली'. त्यातली लढाई तेवढी बघायला लोक बैलगाड्या जुंपून येत. नदीचा उतार. धूर. भाड्याने आणलेले दोन हत्ती पुनःपुन्हा पडद्यावरून जाऊन पुष्कळ झालेले. त्या हाणामारीत कमरेएवढ्या पाण्यातून एक बाई चालत येते. हातात शस्त्र नाही. खांद्याला चिकट भाताची टोपली. नवरा पहाटे न जेवता लढाईला गेला, म्हणून ती निघालेली. भाले तिच्या कानाशी सूं सूं करतात, तिचं लक्ष नसतं. तो तिघांशी लढतो आहे. ती त्याच्यापाशी पोचते आणि विचारते, "जेवलास का रे?"

तो वळून बघतो. "घरी येऊन जेवतो," म्हणतो. आणि बाण लागतो.

बस्स. सेनापतीचं भाषण कुणाच्या लक्षात राहत नसे, राजाचा तर चेहराही नाही. पण या दोन वाक्यांना मैदानं रडायची. त्या मुलखातले निम्मे बाप्ये सौदीला विटा वाहायला गेलेले होते, आणि निघताना एसटीच्या, म्हणजे तिकडच्या तसल्याच लाल गाडीच्या खिडकीतून बहुतेकांनी हेच सांगितलेलं होतं. पयोमचा नवराही सांगून गेला होता. त्याला बाण वगैरे काही लागला नाही. तो परत येऊन उदोन शहरात मोटारींचे सुटे भाग विकत होता, आणि दुसऱ्या एका बाईच्या हातचं वेळेवर जेवत होता. त्यामुळे मैदान रडत असताना पयोमला एकटीलाच जांभई दाबावी लागे.

रिळं मुकी यायची. प्रोजेक्टरशेजारच्या डुगडुगत्या टेबलामागे दोन माणसं बसून सगळ्यांची तोंडं चालवायची. राणी, सासू, चेटकीण, तान्हं मूल आणि कोंबड्या पयोमकडे. राजा, खलनायक, भिक्षू, हत्ती आणि गर्दी सवाय मास्तरांकडे. नटनट्या कोण हे कुणी विचारत नसे. "आज बोलणार कोण?" एवढंच विचारत. पंधरा-एक वर्षं त्याचं उत्तर पयोम असंच होतं.

त्याचा परिणाम एवढाच झाला, की जगात इतरांना येता-जाता जो साधा प्रश्न विचारला जातो, तो तिच्या वाट्याला धड कधी आला नाही. 'जेवलास का' हा तिकडे रामराम. पयोम दिसली की मात्र तो रामराम कपाळाला हात लावून, तिच्याच कापऱ्या आवाजात, तिला परत मिळे. मासळीवाली विचारी, सायकलरिक्षावाला विचारी. दाढ काढताना, तिचं तोंड उघडं असताना, दातांच्या डॉक्टरनेही विचारलं होतं. सगळे हसत. खरं उत्तर ऐकायला कुणी थांबत नसे. खरं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच होतं. लोक पानावर बसायचे त्याच वेळेला हिचा खेळ सुरू व्हायचा.

"तर मी तुमचा एक वाडगा देणं लागतो," खिडकीतून बुनलुआ म्हणाला.

"मी काही मागितला नाही."

"पण माझ्यामुळे गेला ना... कधीतरी देईन. आधी सांगून ठेवतो."

"ते दिसतंच आहे, तुमची सगळ्याचीच घाई," पयोम म्हणाली आणि फलाटावर कुत्र्याशेजारी जाऊन बसली. बस आली. ती आल्यावर पुन्हा एकदा सुटल्याची घोषणा झाली. या खेपेला त्या आवाजात थोडी क्षमायाचना होती.

त्याच आठवड्यात सवाय मास्तरांचा आवाज गेला. तीस वर्षं हत्ती ओरडवल्यावर घसा तरी किती टिकणार? मास्तर विहारात जाऊन भिक्षू झाले. तिथे मौनाचं कौतुक असतं. केंगशेठ कपाळाला बाम चोळत बसला. सिनेमाचा मालक तोच, प्रोजेक्टर चालवणाराही तोच. पयोम म्हणाली, "स्टँडवर एक आवाज आहे. काकडीवाल्या बायकांना रडवतो."

तिने हे धंद्याच्या हिताचं म्हणून सांगितलं, की जरासा सूड म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही. स्टँडने बुनलुआला आनंदाने सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या बसेस आल्यावर सुटू लागल्या.

बुनलुआचा आवाज सोन्यासारखा होता, पण खोड गेली नाही. पडद्यावरचा राजा तोंड उघडायच्या आधीच त्याचं बोलून होत असे.

"ओठ बघा हो, ओठ!" पयोम माईकवर हात ठेवून फणकारली.

"राजा आहे तो. मनात आलं की लोकांना कळत असेल."

"आणि त्या चोराचं? त्याचंही कळतं?"

"त्याचं तर आधीच कळायला हवं. लोक सावध होतील..."

शेवटी तिने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. "हे बघा. लाथ बसली की बोलायचं. त्याआधी नाही."

"किती जोरात मारणार?"

"राजाला हळू. खलनायकाला मनापासून."

"आज खलनायकाचं काम बरंच आहे," तो पुढचं रीळ आठवत खिन्नपणे म्हणाला.

पहिल्यांदा 'टोपली' लागला त्या गावात मैदान भरलं होतं. झाडांवरही माणसं होती. लढाई आली. टोपलीवाली पाण्यात उतरली. पयोमने नेहमीच्या जागी नेहमीचा कंप लावून विचारलं, "जेवलास का रे?" आणि लाथ मारली. बुनलुआ तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघत होता. तो ती लढाई आयुष्यात प्रथमच पाहत होता. दुसरी लाथ बसली तेव्हा म्हणाला, "घरी... घरी येऊन जेवतो..." आणि बाण लागायच्या आधीच त्याचा आवाज फुटला.

तो जो फुटला, तो पुढच्या प्रसंगातही थांबेना. पडद्यावर खलनायक विजयाची दारू पीत खदाखदा हसत होता, आणि कर्ण्यांतून हुंदके येत होते. खलनायकाला पश्चात्ताप झाला असं गावाने मानलं. पुष्कळांना हा बदल आवडला. केंगशेठला गावच्या मुखियाने मुद्दाम येऊन तसं सांगितलंही.

खेळानंतर तारा गुंडाळताना पयोम म्हणाली, "अहो, सिनेमा आहे तो. तो मेलेला नट पुढच्याच रिळात मिशा लावून शत्रूच्या बाजूने लढतो. दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

"तरी..."

"तरी काय?"

"जेवला नाही ना तो," बुनलुआ म्हणाला आणि वळून पुन्हा नाक पुसू लागला.

तार पयोमच्या हातात अर्धीच गुंडाळलेली राहिली. पंधरा वर्षं ती त्या प्रसंगात तो प्रश्न विचारत आली होती. तो माणूस खरोखर उपाशी गेला, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक खेळाला तिच्या कोपराशी काहीतरी येऊन पडू लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर चिकट भात. काडीला खोचलेलं भाजकं अंडं. एकदा पपईची कोशिंबीर, पण ती इतकी तिखट की त्या दिवशी राणी खरोखर रडली. बुनलुआ विचारत काही नसे. पिशवी ठेवायचा आणि पडद्याकडे बघत बसायचा. सासू आणि कोंबडी यांच्या मधल्या फटीत ती एका हाताने दोन घास तोंडात टाकी.

"तुम्ही तेवढे कधी विचारत नाही ते," ती एकदा म्हणाली. पडद्यावर नुसते डोंगर चालले होते. डोंगरांना आवाज लागत नाही.

"काय?"

"अख्खं जग विचारतं ते."

"विचारावंसं वाटतं... पण विचारलं तर तुम्हाला वाटणार, हाही टोपलीवरून टिंगल करतोय. तुमचा तो प्रश्न लोकांनी पार खराब करून ठेवलाय."

"मग भात आणता?"

"भाताची टिंगल करता येत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. प्रोजेक्टरच्या उजेडात त्याची ती परकी दोन बटणं चमकत होती. डोंगर संपले. तिने लाथ मारायला पाय उचलला आणि या खेपेस तो जरा... हळूच टेकवला. बुनलुआला ती खूण समजलीच नाही. राजा मुका राहिला.

"अहो!"

"मारलीत का? कळलंच नाही!"

"राजाला हळू, असं ठरलं होतं ना?" पयोम घाईघाईने म्हणाली. तिचे कान तापले होते. उन्हाळाही सुरू झाला होता म्हणा.

मग आंबे पिकले, संपून गेले, आणि भिक्षूंचा पावसाळी वर्षावास जवळ आल्यावर केंगशेठने दोघांना बोलावून सांगितलं, "पुढल्या मोसमापासून बोलकी रिळं. नवीन यंत्र घेतोय. त्यात आवाज आतच असतो." त्याने बाम चोळला. "ओठांच्या बरोबर येतो म्हणे."

बुनलुआने मान खाली घातली. स्टँडवर परत जाण्यात अर्थ नव्हता, तिथे आता टेप लावली होती. ती वेळेवर बोलायची.

पयोमला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला झोप आली. सी राचाला समुद्रकाठी तिची थोरली बहीण खानावळ चालवायची. ये, म्हणून कधीची मागे लागली होती. तिथे बशा धुवायच्या, आणि बशांना आवाज द्यावा लागत नाही. पयोमने शनिवारच्या बसची जागा धरली.

"शनिवारी?" बुनलुआने विचारलं. "येणाऱ्या?"

"सकाळी. घोषणा तुम्ही करणार नाही, त्यामुळे मला गाडी मिळेल."

तो हसला नाही. "आणि तो वाडगा?"

"सोडून दिला. त्या एका वाडग्याचं काय घेऊन बसलात..."

"असं कसं," तो स्वतःशीच म्हणाला, आणि सायकल घेऊन कुठेतरी निघून गेला.

बुधवारी केंगशेठने निरोप आणला. बाजारामागच्या वडाखाली चाओ पो या गावदेवाचं ठाणं होतं. त्या देवाला कुणीतरी सिनेमा बोलला होता. उद्या खेळ. 'टोपली', पूर्ण, दोन्ही आवाजांसकट.

"नवस कुणाचा?" पयोमने विचारलं.

"ठाण्यावरची चुएन आजी नाव सांगत नाही. माणूस लाजाळू आहे म्हणाली."

नवसाचा सिनेमा देवासाठी असतो. माणसं आली तर आली. त्या गुरुवारी आली नाहीत. तिथल्या मुखियाकडे टीव्हीवर मुष्टियुद्ध होतं, आणि 'टोपली' सगळ्यांना तोंडपाठ होता. ठाण्यापुढे चटया अंथरलेल्या, त्यांवर कुणी नाही. दोन लाकडी हत्ती, झेंडूच्या माळा, लाल सरबताची उघडी बाटली, तीत प्यायची नळी. वरून बारीक भुरभुर. पयोमच्या मनात आलं, शेवटचा खेळ, तोही रिकाम्या चटयांपुढे. म्हणावं ओठांतल्या ओठांत, कोण ऐकतंय? पण ठाण्याची राखण करणाऱ्या चुएन आजीने उदबत्त्या लावल्या, हात जोडले, कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखं केलं आणि ओरडली, "देव बसले! चालू करा! आणि नीट मोठ्याने हं, पोरी, देवाला कमी ऐकू येतं!"

कोपराशी आज पिशवी नव्हती. ते तिच्या लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचा तिला राग आला.

रिळं चालली. राजा वेळेवर बोलला, चोरही बोलला. बुनलुआचा आवाज मात्र कुठेतरी दुसरीकडेच होता. लढाई आली. धूर, हत्ती, तेच हत्ती, नदी. बाई पाण्यात उतरली. पयोमने माईक जवळ ओढला. घशात नेहमीचा कंप शोधला तो सापडेना, म्हणून साध्याच दमलेल्या आवाजात म्हणाली, "जेवलास का रे?" आणि लाथ मारली.

सैनिक वळला. त्याचे ओठ हलले. कर्ण्यांतून शब्द आले,

"पयोम, जेवलीस का?"

तिने दुसरी लाथ मारली. खलनायकाची.

"आई गं!" सैनिक म्हणाला. मग जरा दम घेऊन, "लागलं... पण जेवलीस का?"

पडद्यावर बाण आला. सैनिक पाण्यात कोसळला, त्याचं तोंड मिटलं, डोळे मिटले. मेलेल्या माणसाचा आवाज मात्र चारही कर्ण्यांतून, वडाच्या पारंब्यांतून, बाजारावरून, मुखियाच्या ओसरीपर्यंत जात राहिला. "टिंगल नाही करत मी. देवाशपथ. खरंच विचारतोय. हवं तर उत्तर देऊ नका... पण विचारतोय."

इथे टोपलीवालीने हंबरडा फोडायचा असतो. पयोमने श्वास भरून घेतला होता. तो तसाच राहिला. पडद्यावरची बाई नुसतंच तोंड उघडून आकाशाकडे बघत होती. पयोमला आपल्या आत खूप दिवसांचं काहीतरी रिकामं, खोल, वाडग्याएवढं जाणवलं. ती माईकमध्ये म्हणाली, "नाही."

हा आवाज राणीचा नव्हता, सासूचा नव्हता, कोंबडीचा नव्हता. मून नदीच्या काठाने तो याआधी कुणी ऐकलेला नव्हता.

"कुठली जेवते ती!" बाजाराकडच्या अंधारातून कोंबडी भाजणारी बाई ओरडली. "दुपारी माझ्याकडून एक पंख नेलाय नुसता! तोही अर्धा परत आणला!"

मुखियाच्या घरी कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"अरे, माईक बंद करा!" केंगशेठ प्रोजेक्टरमागून किंचाळला.

"खबरदार बंद केलात तर!" चुएन आजी पुढे धावली. "देव ऐकतायत!"

"मी शनिवारी चाललेय," पयोम माईकमध्येच म्हणाली. त्या गोंधळात दोघांनाही दुसरीकडे बोलायचं सुचलं नाही.

"माहीत आहे. म्हणून तर घाई केली."

"कसली घाई?"

बुनलुआने वडाकडे पाहिलं. चुएन आजीने बुनलुआकडे पाहिलं. तिच्या हातातली उदबत्ती हळूहळू खाली आली.

"का रे," आजी म्हणाली, "तू तर सांगितलंस, मागणं पुरं झालं म्हणून."

"होईल म्हणालो, आजी."

"म्हणजे अजून झालं नाही? आणि फेडायला आलास?" आजीचा आवाज वाढला. "आधी मागायचं, देवाने द्यायचं, मग फेडायचं! माझे केस पिकले इथे, आगाऊ फेडणारा पाहिला नव्हता! देव म्हणजे काय तुझी बस आहे, यायच्या आधीच सुटली म्हणायला?"

ओसरीवरून मोठा हशा आला. मुष्टियुद्ध आता कुणीच बघत नव्हतं.

पयोम त्याच्याकडे वळली. भुरभुरीने त्याचे केस कपाळाला चिकटले होते. "काय मागितलंत?"

"मोठं काही नाही... धीर झाला नाही मोठं मागायला." तो नडगी चोळत होता. "तुम्ही एकदा माझ्यासमोर बसून जेवावं. टेबलावर. दोन्ही हातांनी. मध्ये कुणी मरायला नको, कोंबडी ओरडायला नको. एवढंच."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर देवाने सिनेमा फुकट पाहिला असता."

पयोम हसली. हसण्याचं काम ती रोजच करायची, चेटकिणीचं वेगळं, दासीचं वेगळं. हे कुणाचं, ते तिला पटकन ओळखू आलं नाही.

चुएन आजीला हसू आलं नव्हतं. तिने ठाण्यापुढे बसून, डोळे मिटून, बराच वेळ देवाचं मत घेतलं. मग निकाल दिला. खेळ धरता येणार नाही. एक तर तो आगाऊ. दुसरं, देवाला लढाई कबूल केली होती, आणि लढाई ऐन रंगात आली असता सैनिक मरायचं सोडून बायकोच्या जेवणाची चौकशी करत बसला. बोंब नाही, हंबरडा नाही. असला अर्धामुर्धा खेळ देव घेत नाहीत. आधी मागणं पुरं व्हावं. मग खेळ पुन्हा, पहिल्यापासून.

"केव्हा?" केंगशेठने कण्हत विचारलं.

"बुधवारी. त्याआधी देवांना सवड नाही."

"आजी, शनिवारी माझी बस आहे," पयोम म्हणाली.

"पोरी, देवाचं काम अर्धं टाकून बसमध्ये बसशील? टायर फुटेल."

पयोमने विचार केला. निदान विचार केल्यासारखा चेहरा केला. "टायर फुटला तर बाकीच्या लोकांचे हाल होतील," ती म्हणाली.

"लहान मुलंही असतात बसमध्ये," बुनलुआ गंभीरपणे म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

शुक्रवारी दुपारी ती दोघं स्टँडवरच्या त्याच गाडीपुढे बसली. पयोमपुढे वाडगा आला. तिने मिरचीची पूड घातली, लिंबू पिळलं, आणि जेवायला लागली. सावकाश, दोन्ही हातांनी, एका हातात काड्या आणि दुसऱ्यात चमचा. डोक्यावरच्या कर्ण्यातून टेप बोलत होती. बसेस येत होत्या, मग सुटत होत्या. कुणी रडत नव्हतं. बुनलुआ एकटक तिच्याकडे बघत होता, कुणी लढाईतलं दृश्य बघावं तसा, तोंड किंचित उघडं ठेवून. तिने रस्सा पिऊन वाडगा खाली ठेवला तेव्हा त्याने सुस्कारा सोडला.

"आता विचारा," ती म्हणाली.

"जेवलीस?"

"हो."

त्याच्यापुढचा वाडगा भरलेलाच होता. त्यातले नूडल्स फुगून वर आले होते. पयोमने ते पाहिलं. आणि पंधरा वर्षांत ज्या वाक्याने तिला एकदाही कळवळा आला नव्हता, ते तिच्या तोंडून नकळत निघून गेलं.

"आणि तू? जेवलास का रे?"

शेजारी नूडल्सवाली उभी होती, पलीकडे काकडीवाली होती, एक रिक्षावालाही होता. एकानेही मान वळवली नाही. बाईने माणसाला जेवलास का विचारलं, त्यात वळून बघण्यासारखं काय आहे?

बुनलुआचे डोळे भरून आले. "घरी येऊन—" त्याने सुरुवात केली.

टेबलाखाली लाथ बसली.

"इथेच जेव," पयोम म्हणाली. "थंड होतंय."

त्याने काड्या उचलल्या. ती समोर हनुवटीखाली हात घेऊन बसली, आणि तो जेवत असताना तिला बसल्या बसल्या डुलकी लागली. सी राचाला शनिवारी निरोप गेला, की देवाच्या कामामुळे येणं लांबलं आहे. किती लांबलं ते त्यात नव्हतं.

बुधवारी वडाखाली खेळ पुन्हा झाला. सैनिक वेळेवर मेला.